बुखारा नीट पाहायचं असेल तर: तयारीचा क्रम, दोन दिवसांची आखणी आणि नेहमी होणाऱ्या चुका

उझबेकिस्तानातलं बुखारा पाहून आलेल्यांच्या तक्रारी साधारण दोनच असतात. रेल्वेचं तिकीट मिळालं नाही, म्हणून ताश्कंदहून अख्खा दिवस टॅक्सीत गेला. आणि शहर अर्ध्या दिवसात ‘संपलं’, कारण सगळ्या कमानी सारख्याच वाटल्या. पहिल्या तक्रारीचं मूळ बुकिंगच्या क्रमात आहे, दुसरीचं मूळ कुठली वास्तू कोणत्या वेळी पाहिली यात. किझिलकुम वाळवंटाच्या कडेचं हे ओॲसिस आहे. इथं दुपारी ऊन डोक्यावर आलं की विटांचं नक्षीकाम सपाट दिसतं आणि माणूस सावली शोधत फिरतो. तेच नक्षीकाम सकाळी आठला पाहिलं तर पाय निघत नाही.

इतिहास कुठंही वाचायला मिळेल. इथं फक्त कामं, ती ज्या क्रमानं करायची त्या क्रमानं.

टप्पा १: महिना ठरवा

एप्रिल, मे, सप्टेंबरचा उत्तरार्ध आणि ऑक्टोबर. यातला एक निवडा आणि पुढं चला.

मुलांच्या शाळा लक्षात घेऊन मराठी घरांत मे महिना धरला जातो, ते इथं जमतं. मात्र पहिला पंधरवडा बरा, शेवटच्या आठवड्यात ऊन चढतं. २५ जूनच्या सुमाराला ‘चिल्ला’ सुरू होतो, म्हणजे स्थानिक हिशेबातले कडक उन्हाळ्याचे चाळीस दिवस. पारा ४० अंशांच्या वर जातो आणि दुपारी बारा ते पाच शहर झोपतं. या काळात गेलात तर दोन दिवसांच्या कामाला तीन दिवस धरा. हिवाळ्यात गर्दी नसते आणि हॉटेलं स्वस्त असतात, पण रात्री पारा शून्याखाली जातो. २१ मार्चच्या नवरोझच्या आसपास देशभरातले लोकही प्रवासात असतात, तेव्हा रेल्वे आधी भरते.

किती दिवस? बुखाऱ्यात पूर्ण दोन दिवस, म्हणजे तीन रात्री, किंवा आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोचत असाल तर दोन. एका रात्रीत उरकणाऱ्यांना सकाळ एकच मिळते आणि या शहराला सकाळी दोन लागतात. का, ते आठव्या टप्प्यात येईल.

टप्पा २: ई-व्हिसा

भारतीय पासपोर्टला ई-व्हिसा चालतो. अर्ज फक्त सरकारी संकेतस्थळावर करा. पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट यूझेड’ असायलाच हवं. शोध घेतला की वर दिसणारी बरीच पानं दलालांची असतात, तीच फी दुप्पट-तिप्पट करून घेतात. एकदाच प्रवेशाच्या, ३० दिवसांच्या व्हिसाची सरकारी फी २० डॉलर आहे, दोनदा प्रवेशाची ३५, अनेकदा प्रवेशाची ५०. उत्तर कामाच्या तीनेक दिवसांत येतं, तरी निघण्याआधी किमान तीन आठवडे हातात ठेवा. फोटो किंवा स्कॅन अस्पष्ट आहे म्हणून अर्ज फेटाळला गेला तर पुन्हा भरायला वेळ हवा.

नावाचा घोळ आपल्याकडच्या लोकांचा हमखास होतो. महाराष्ट्रातल्या अनेक पासपोर्टांवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव ‘गिव्हन नेम’च्याच ओळीत असतं. अर्ज भरताना माणूस सवयीनं पहिलं नाव आणि आडनाव लिहून मोकळा होतो, मधलं नाव गळतं. पासपोर्टच्या त्या ओळीत जे आहे ते सगळं, त्याच स्पेलिंगनं, त्याच क्रमानं लिहा. विमानाच्या आणि रेल्वेच्या तिकिटावरही तेच.

फी भरताना कार्ड नाकारलं जाण्याचं कारण बहुतेक वेळा बँकेचं असतं. भारतीय कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंद ठेवलेले असतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते सुरू करा, मग पुन्हा प्रयत्न करा. रेल्वेच्या तिकिटालाही हेच लागणार आहे, त्यामुळे एकदाच करून टाका.

> सावधान: समरकंदहून ताजिकिस्तानातल्या पंजाकेंतला एका दिवसाची सहल करायचा मोह होतो. एकदा प्रवेशाचा व्हिसा असेल तर सीमा ओलांडताच तो संपतो आणि परत उझबेकिस्तानात येता येत नाही. ही सहल मनात असेल तर दोनदा प्रवेशाचाच व्हिसा घ्या.

> तपासा: व्हिसाच्या पीडीएफवरचा पासपोर्ट क्रमांक एक-एक अंक बोट ठेवून जुळवा. चूक आपली नसली तरी विमानतळावर दुरुस्त होत नाही. दोन छापील प्रती काढा. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून कमी उरली असेल तर आधी त्याचं नूतनीकरण.

टप्पा ३: विमान

ताश्कंदचं थेट विमान दिल्लीहून धरून चाला. अंतर तीन तासांच्या आतबाहेर. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय कंपन्यांना हवाई हद्द बंद केल्यावर इंडिगोनं आपली ताश्कंदची फेरी थांबवली. उझबेकिस्तान एअरवेजला ती अडचण नाही. मुंबईहून थेट फेरी तुमच्या तारखांना आहे का ते पाहा, पण ती असेलच असं समजून बाकीचं ठरवू नका.

मुंबई-पुण्याहून दिल्लीपर्यंतचं तिकीट वेगळं काढणार असाल तर मधे चार तासांहून कमी ठेवू नका. देशांतर्गत विमान दुसऱ्याच टर्मिनलला उतरू शकतं, सामान पुन्हा घ्यावं लागतं, आणि पहिलं विमान उशिरा आलं म्हणून दुसरी कंपनी थांबत नाही.

ताश्कंदचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागं आहे. फोन आपोआप बदलतो, मनगटावरचं घड्याळ नाही, आणि अर्ध्या तासाचा फरक पटकन ध्यानातही येत नाही.

टप्पा ४: रेल्वे (इथंच बहुतेकांचं चुकतं)

ताश्कंद ते बुखारा साधारण ६०० किलोमीटर. ‘अफ्रासियाब’ ही वेगवान गाडी ते चारेक तासांत तोडते. समरकंदहून दीड-पावणेदोन तास. ‘शर्क’ ही साधी गाडी ताश्कंदहून सहा तासांच्या आसपास घेते, शिवाय रात्रीच्या झोपायच्या गाड्याही आहेत. मोटारीनं हाच रस्ता आठ-नऊ तासांचा आहे.

अफ्रासियाबच्या जागा थोड्या, मागणी प्रचंड. सहल कंपन्या विक्री सुरू होताच गठ्ठ्यानं तिकिटं उचलतात. क्रम असा ठेवा:

१. प्रवासाच्या साधारण दीड ते दोन महिने आधी विक्री सुरू होते. त्या सुमारापासून रोज उझबेकिस्तान रेल्वेचं संकेतस्थळ किंवा ॲप पाहा. खातं आधीच उघडून ठेवा. ऐन वेळी नोंदणी करायला गेलात तर ओटीपीची वाट पाहण्यात जागा जातात.

२. आधी समरकंद–बुखारा आणि बुखारा–ताश्कंद या तुकड्यांची तिकिटं घ्या, मग ताश्कंद–समरकंदचं. शेवटच्या तुकड्यावर गाड्या जास्त आहेत.

३. अफ्रासियाब मिळाली नाही तर थांबू नका, शर्क घ्या. दोन तास वाढतात, आणखी काही बिघडत नाही.

४. रेल्वेची तिकिटं हातात आल्यावरच हॉटेलच्या तारखा पक्क्या करा. उलट करणाऱ्यांवर हॉटेलचे पैसे बुडवायची किंवा टॅक्सी करायची पाळी येते.

ताश्कंदला मुख्य रेल्वे स्थानकं दोन आहेत, उत्तर (‘शिमोलिय’) आणि दक्षिण (‘जनुबिय’), आणि दोन्हींत शहराचं अंतर आहे. अफ्रासियाब उत्तरेकडून सुटते; काही साध्या गाड्या दक्षिणेकडून. टॅक्सीवाल्याला नुसतं ‘वोक्झाल’ म्हणजे स्टेशन म्हणालात तर तो सहसा उत्तरेला नेतो. तिकिटावरचं नाव वाचून दाखवा. स्टेशनात शिरताना सामानाची आणि पासपोर्टची तपासणी असते, म्हणून गाडीच्या ४५ मिनिटं आधी दारात असा. गाडी वेळेवर सुटते, अगदी मिनिटावर.

> सल्ला: खीवा हे दुसरं जुनं शहरही करायचं असेल तर लांबच्या टोकापासून सुरुवात करा. ताश्कंदहून विमानानं उर्गेंच (तिथून खीवा ३५ किलोमीटर), मग रेल्वेनं बुखारा, समरकंद, ताश्कंद. असं केलं की आलेल्याच रस्त्यानं वाळवंट पुन्हा तुडवत परत यावं लागत नाही.

टप्पा ५: मुक्काम आणि नोंदणीची चिठ्ठी

जुन्या शहराच्या मध्यावरच्या लाबी हौज तलावापासून चालत दहा मिनिटांच्या आत मुक्काम करा. नव्या शहरातली मोठी हॉटेलं चकचकीत असतात, पण दुपारी खोलीवर येऊन पडायची सोय जाते आणि बुखाऱ्यात दुपारची विश्रांती हा कार्यक्रमाचाच भाग आहे. जुन्या शहरातली बरीच हॉटेलं म्हणजे चौकाभोवती बांधलेली व्यापाऱ्यांची घरं. त्यांना ‘होवली’ म्हणतात, आपली हवेली. गल्ल्या अरुंद असल्यानं टॅक्सी दारापर्यंत येत नाही, चाकांची बॅग शंभर-दोनशे मीटर खडबडीत जमिनीवरून ओढावी लागते. सोबत ज्येष्ठ असतील तर तळमजल्याची खोली लेखी मागून घ्या. जिने उंच पायऱ्यांचे असतात.

परदेशी पाहुण्याची तीन दिवसांत नोंदणी होणं सक्तीचं आहे. हॉटेल ती आपोआप करतं आणि सोडताना एक छोटी चिठ्ठी देतं, कधी पासपोर्टमध्ये सारून, कधी ईमेलनं. कुणाच्या घरी उतरलात तर यजमानानं ‘ई-मेहमॉन’ या सरकारी प्रणालीत नोंद करायची असते. ते राहिलं तर दंडाला तुम्ही सामोरे जाता.

> तपासा: प्रत्येक हॉटेल सोडताना चिठ्ठी मागा आणि देश सोडेपर्यंत सगळ्या एकत्र ठेवा. रात्रीच्या गाडीत झोपलात त्या रात्रीची चिठ्ठी नसते, म्हणून ते रेल्वे तिकीट जपा.

टप्पा ६: पैसे, औषधं, फोन

चलन सोम. एका डॉलरला साधारण १२ हजार सोम येतात, म्हणून खिशात लाखांच्या नोटा असतात (सगळ्यात मोठी २ लाखांची). मनातल्या मनात रुपये करायला सोपी युक्ती: मागची तीन शून्यं काढा, उरलेल्याला सातनं गुणा. ५० हजार सोम म्हणजे पन्नास गुणिले सात, साडेतीनशे रुपयांच्या जवळपास. निघायच्या आधी त्या दिवसाचा दर पाहून सातचा आकडा जुळवून घ्या.

डॉलर नवे, करकरीत, घडी न पडलेले न्या. पेनाची खूण किंवा किंचित फाटलेली कड असली तरी बँकेतली बाई नोट उजेडात धरते आणि परत सरकवते. भारतीय रुपये बदलून मिळतील असं समजू नका, यूपीआयच्या भरवशावर तर अजिबात जाऊ नका. व्हिसा किंवा मास्टरकार्डचं डॉलरचं फॉरेक्स कार्ड एटीएमला चालतं. एटीएम जुन्या शहरात मोजकीच आहेत आणि रविवारी संध्याकाळी रिकामी सापडतात. तिकीट खिडक्यांसाठी आणि स्वच्छतागृहांसाठी सुटे पैसे रोज सकाळी वेगळे ठेवा. स्वच्छतागृहाला ‘होजतखोना’ म्हणतात, शब्द ऐकताच कळेल. कागद सोबत ठेवा.

औषधांचा भाग नीट वाचा. ट्रॅमाडॉल, कोडीनचं खोकल्याचं औषध, झोपेच्या आणि काळजी कमी करणाऱ्या गोळ्या आपल्याकडे घराघरांत असतात. उझबेकिस्तानात हे सगळं नियंत्रित आहे आणि सामानात सापडलं तर प्रकरण गंभीर होतं. ज्याची गरज नाही ते घरी ठेवा. ज्याची गरज आहे ते मूळ पाकिटात, मुक्कामाला पुरेल इतकंच, औषधाचं मूळ रासायनिक नाव लिहिलेल्या इंग्रजी चिठ्ठीसह न्या आणि कस्टमला स्वतःहून दाखवा. गोळ्या सुट्या करून डबीत भरायची आजी-आजोबांची सवय इथं महागात पडते.

ड्रोन नेऊ नका. परवानगीशिवाय देशात आणायलाच बंदी आहे.

टॅक्सीसाठी ‘यांडेक्स गो’ ॲप भारतातच उतरवून, भारतीय नंबरवर ओटीपी घेऊन सुरू करा. तिथं गेल्यावर सिम बदललं की ओटीपी येत नाही आणि मग स्टेशनबाहेरच्या टॅक्सीवाल्याशी घासाघीस करत बसावं लागतं. पैसे रोख देण्याचा पर्याय निवडता येतो.

टप्पा ७: बुखाऱ्यात उतरणं

बुखारा स्टेशन बुखाऱ्यात नाही. ते कागान नावाच्या शेजारच्या गावात आहे, जुन्या शहरापासून बारा-पंधरा किलोमीटर. नकाशा न पाहता ‘चालत जाऊ’ म्हणणारे निघतातच. गाडी आली की फलाटावरच टॅक्सीवाले गराडा घालतात. त्यांच्यातून सरळ बाहेर पडा, मुख्य रस्त्याकडे शंभर पावलं जा, मग ॲपवर गाडी बोलवा. पत्ता हॉटेलच्या नावानं सापडत नसेल तर ‘लाबी हौज’ टाका.

परतताना उलट गणित करा: गाडीच्या सव्वा ते दीड तास आधी हॉटेल सोडा.

गल्ल्यांत जीपीएस भरकटतं. त्यापेक्षा मान वर करा. कालोन मिनार ४५ मीटरहून उंच आहे आणि जुन्या शहरातल्या कोणत्याही मोकळ्या जागेवरून दिसतो. तो दिसला की दिशा कळली.

टप्पा ८: दोन दिवसांची आखणी, उजेडाप्रमाणे

एक नियम लक्षात ठेवला की पुढचं सगळं सोपं आहे. इथून मक्का पश्चिमेच्या अंगाला, म्हणून मशिदीची नमाजाची भिंत पश्चिमेला आणि दर्शनी कमान पूर्वेला. थोडक्यात मशिदीचं तोंड सकाळी उजळतं. मशिदीसमोर मदरसा असेल तर त्याचं तोंड पश्चिमेला, ते संध्याकाळी उजळतं. कालोन चौकात हे एकाच जागी दिसतं: कालोन मशीद सकाळी, समोरचा मीर-ए-अरब मदरसा संध्याकाळी. म्हणूनच एकदाच जाऊन भागत नाही.

*पहिली सकाळ, सात-साडेसात.* हॉटेलचा नाश्ता आठला सुरू होतो, त्याची वाट पाहत बसू नका. परत येऊन खा किंवा डबा मागा. टॅक्सीनं थेट बोलो हौज मशिदीपाशी जा. पुढच्या मंडपाला वीस लाकडी खांब आहेत, समोर पाणी. सकाळी वारा नसतो तेव्हा खांबांचं प्रतिबिंब न हलता पडतं; दहानंतर ते मोडतं. खांबांचे माथे निरखून पाहा, रंगवलेलं लाकूडकाम तिथं आहे. शुक्रवारी दुपारी इथं नमाजाची मोठी गर्दी असते, त्या वेळी पर्यटकानं बाहेर राहावं.

रस्त्याच्या पलीकडे आर्क, अमीरांचा म्हणजे बुखाऱ्याच्या राज्यकर्त्यांचा किल्ला. सकाळी त्याची पुढची भिंत सावलीत असते, हरकत नाही. आत जायचं आहे. उतरंड चढून वर गेलात की वस्तुसंग्रहालयाची दालनं आणि बिनछताचा दरबार. आर्कचा बराच भाग १९२० च्या बाँबफेकीत गेला, त्यामुळे आत फार काही उरलेलं नाही. तासभर पुरे. भिंतीचा बाहेरून फोटो संध्याकाळी.

तिथून पश्चिमेकडच्या बागेत सामानी राजघराण्याची समाधी. दहाव्या शतकातली, साधी चौकोनी, वर घुमट, आणि बुखाऱ्यात एकच गोष्ट सावकाश पाहायची तर ही. कुठंही रंग नाही, निळी टाइल नाही. सगळी नक्षी भाजलेल्या विटाच वेगवेगळ्या दिशांनी रचून काढलेली. कुठं टोपलीची वीण, कुठं मण्यांची ओळ. ऊन तिरपं असताना प्रत्येक वीट आपली सावली शेजारच्या विटेवर टाकते आणि भिंत विणल्यासारखी दिसते. चारही बाजूंनी फेरी मारा. लोक पाच मिनिटं थांबतात, वीस द्या. शेजारी चश्मा अयुब, म्हणजे अयुबचा झरा, तिथलं पाण्याचं छोटं संग्रहालय, आणि लगतचा बाजार.

*दुपार.* बारा ते चार उघड्यावर काही ठेवू नका. जेवण, झोप, आणि नाहीच राहवलं तर छताखालचे बाजार. मराठी माणसाला या बाजारांची नावं पाठ करावी लागत नाहीत. तोकी सर्राफोन, म्हणजे सराफांचा घुमट. तोकी जरगारोन, जवाहिऱ्यांचा. मगोकी अत्तोरी मशीद, अत्तारांच्या बाजाराजवळची. लाबी हौज, हौदाचा काठ. लाबी हौजकडून निघालात तर आधी सर्राफोन, मग टोप्यांचा तेलपाक फुरुशोन, मग तीम अब्दुल्ला खान (तीम म्हणजे छताखालचा बाजार), शेवटी जरगारोन, आणि तिथून बाहेर पडताच कालोन चौक. जाड विटांच्या घुमटांखाली बाहेरच्यापेक्षा स्पष्ट गारवा असतो. चाळिशीचं ऊन टाळायला उंटांच्या तांड्यांनीही हेच केलं असणार.

मगोकी अत्तोरी रस्त्याच्या पातळीच्या बरीच खाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. शतकानुशतकं शहराची जमीन वर चढत गेली, मशीद होती तिथंच राहिली.

*पहिली संध्याकाळ.* सूर्यास्ताच्या तासभर आधी कालोन चौक. मीर-ए-अरबचे निळे घुमट आणि कमान आता उजळलेली. हा मदरसा चालू आहे, विद्यार्थी राहतात. दारापुढच्या जाळीपर्यंतच जाता येतं, आत सोडा म्हणून हुज्जत घालू नका. अंधार पडल्यावर दिवे लागतात, गर्दी कमी होते.

*दुसरी सकाळ.* पुन्हा कालोन चौक, आता मशिदीसाठी. आत शिरा: मोठं अंगण, भोवती घुमटांच्या ओवऱ्या. ओवऱ्यांतून आडवं चालत जा, उजेडाचे पट्टे तिथं आहेत. मग उलुगबेग मदरसा (१४१७) आणि समोरचा अब्दुलअझीज खान मदरसा (१६५२). दोघांत दोनशे पस्तीस वर्षांचा फरक आहे आणि तो डोळ्यांनी दिसतो. पहिला आवरलेला, दुसऱ्यात रंगांची उधळण.

परतताना चोर मिनोर. हैदराबादचा चारमिनार मनात ठेवून जाल तर हिरमोड होईल. ही १८०७ ची छोटी इमारत आहे, नाहीशा झालेल्या मदरशाचं प्रवेशद्वार. वीस मिनिटं.

*दुसरी दुपारनंतर.* शहराबाहेरचं एकच ठिकाण निवडा. सूफी संत बहाउद्दीन नक्शबंद यांचा दर्गा सगळ्यात जिवंत, कारण तिथं पर्यटकांपेक्षा भाविक जास्त. स्त्रियांनी डोकं झाकायला ओढणी न्यावी, गुडघे-खांदे सर्वांनीच झाकावेत. अमीराचा उन्हाळी महाल सितोराई मोही होसा मुलांना आवडतो, आरसे आणि मोर दोन्ही आहेत. अशी तीन-चार ठिकाणं एका दुपारी ‘करून’ देणारा टॅक्सीवाला भेटेल. त्यात प्रत्येक ठिकाणी पंधरा मिनिटं मिळतात.

> तपासा: आदल्या रात्री हॉटेलात विचारा की उद्या कुठलं संग्रहालय बंद आहे. साप्ताहिक सुट्टीचे वार वेगवेगळे असतात आणि तिकीट खिडकी दार बंद होण्याच्या अर्धा-पाऊण तास आधीच मिटते.

> सावधान: मुंबई-कोकणच्या माणसाला घाम दिसला तर तहान आठवते. इथली हवा कोरडी, घाम येताच उडतो, अंग कोरडंच राहतं आणि पाणी प्यायचं राहून जातं. संध्याकाळी डोकं धरलं म्हणजे उशीर झाला. उन्हाळ्यात दिवसाला तीन-चार लिटर, त्यात ओआरएसची दोन पाकिटं. नळाचं पाणी पिऊ नका.

टप्पा ९: खाणं

मांसाहाऱ्यांना एकच सूचना: ओश, म्हणजे पुलाव, दुपारचं जेवण आहे. तो मोठ्या कढईत एकदाच शिजतो आणि संपला की संपला. दीडपर्यंत पोचा. संध्याकाळी पर्यटकांच्या टेबलावर येतो तो गरम केलेला.

शाकाहाऱ्यांनी थोडी तयारी करावी. ‘गोश्त’ हा शब्द उझबेकमध्येही तोच आहे. ‘गोश्तसिझ’ म्हणजे बिनमांसाचं, ‘मेन गोश्त येमायमन’ म्हणजे मी मांस खात नाही. पण एवढ्यावर विसंबू नका. भाज्यांचं सूप सांगितलं तरी त्याचं पाणी हाडांचं असतं, आणि भात दुंब्याच्या, म्हणजे मेंढीच्या शेपटीच्या चरबीत परतलेला असू शकतो. वरून मांसाचे तुकडे काढून दिले की स्वयंपाक्याच्या मते तो शाकाहारी झाला. भरवशाचं असं: तंदूरमधली नोन (आपली नान), टोमॅटो-कांद्याची अचिचूक कोशिंबीर, दही आणि सुझमा म्हणजे चक्का, भोपळा किंवा बटाटा भरलेला सोमसा (‘कदू’, ‘कार्तोश्का’ असं विचारून), फळं, सुका मेवा. जैन असाल किंवा सोबत ज्येष्ठ असतील तर गरम पाण्यात होणारे पोहे-उपमा आणि चटणी सोबत हवीच. चहा हिरवा (‘कोक चोय’) दुधाविना येतो.

भाकरी-पोळीला पाय लागू देत नाही तसंच इथं नोन उलटी ठेवत नाहीत आणि सुरीनं कापत नाहीत. हातानं तोडा.

टप्पा १०: खरेदी

बुखाऱ्यातले बरेच लोक घरात ताजिक बोलतात, म्हणजे फारसीच. आकडे ऐका: यक, दु, से, चोर, पंज, शश, हफ्त, हश्त, नुह, दह. हजाराला ‘हजोर’. दुकानदारानं शेजाऱ्याला सांगितलेला आकडा तुम्हाला कळतो हे त्याच्या लक्षात आलं की भाव आपोआप नरमतो. एक मात्र स्पष्ट विचारून घ्या: सोम की डॉलर? ‘पन्नास’ म्हणजे ५० हजार सोम असतात, पण पर्यटकाला पाहून ५० डॉलरही होतात, आणि त्यात बारापट फरक आहे.

सुझनी, म्हणजे भरतकाम केलेली चादर, घ्यायची असेल तर आधी उलटी करा. यंत्राच्या भरतकामाला मागच्या बाजूला सगळीकडे सारखा, गुळगुळीत धागा दिसतो. हातकामात गाठी, उड्या आणि धाग्याचा बदलता ताण दिसतो. दुसरी खूण अधिक पक्की. जुन्या पद्धतीत अरुंद पट्ट्या कच्च्या टाक्यांनी जोडून त्यावर नक्षी काढतात, मग पट्ट्या सोडवून वेगवेगळ्या बायका एकेक भरतात, आणि शेवटी पुन्हा शिवतात. म्हणून जोडावर फुलाच्या दोन अर्ध्या भागांचा रंग किंवा कड किंचित हुकलेली असते. तो दोष नाही, तीच ओळख.

‘आद्रस’ कापड अर्धं रेशमी असतं, ताणा रेशमाचा आणि बाणा सुती. कुणी ‘शंभर टक्के रेशीम’ म्हणून आद्रसची किंमत चढवत असेल तर पुढच्या दुकानात जा.

‘शंभर वर्षं जुनी’ वस्तू खोटी असेल तर पैसे गेले. खरी असेल तर आणखी कटकट. पन्नास वर्षांहून जुन्या वस्तू प्रमाणपत्राशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत. नव्या पण जुनाट दिसणाऱ्या गालिच्याची किंवा सुझनीची पावती, त्यावर तारीख आणि ‘नवीन’ असा उल्लेख, मागून घ्या.

करकोच्याच्या आकाराच्या कात्र्या आणि हातघडणीच्या सुऱ्या इथं चांगल्या मिळतात. मात्र रेल्वे स्टेशनावरही सामान क्ष-किरण यंत्रातून जातं. सुरी कागदात गुंडाळून मोठ्या बॅगेच्या तळाशी ठेवा, विचारल्यास पावतीसह दाखवा. विमानात त्या चेक-इनच्याच सामानात. ताश्कंदच्या विमानतळावर हँडबॅगेतून कात्री बाहेर काढली गेली तर ती परत मिळत नाही.

टप्पा ११: निघण्याआधी

आदल्या रात्री एवढं: नोंदणीच्या चिठ्ठ्या मोजा. उरलेले सोम बुखाऱ्यातच डॉलर करा किंवा खर्चून टाका, भारतात ते कुणी घेत नाही. सकाळच्या गाडीसाठी टॅक्सी ॲपवर मिळेल या भरवशावर न राहता हॉटेलला सांगून ठरवा; पहाटे पाचला जुन्या शहरात गाड्या कमी असतात. अडचण आलीच तर पोलिसांचा क्रमांक १०२ आणि रुग्णवाहिकेचा १०३, आणि भारतीय दूतावास ताश्कंदला आहे.

स्टेशनवर नेण्यासाठी नोन दोन घ्या, पहाटे तंदूरमधून निघालेल्या. रुमालात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घातल्या तर तासाभरात चिवट होतात.